मातीनं लिंपलेला कोनाडा: ताई-आन या चहाखोलीतल्या ‘तोकोनोमा’चं प्रकरण

हॉलमधलं टीपॉय भिंतीकडे सरकवून मी फरशीवर चिकटपट्टीनं एक चौकोन आखला. चारही बाजू 191 सेंटिमीटर. समोरच्या बाजूला, उजवा कोपरा धरून, चौकोनाच्या बाहेर आणखी एक आयत काढला, रुंदी 121 सेंटिमीटर. मग दाराच्या चौकटीपासून कपाटाच्या कडीपर्यंत, जमिनीपासून 157 सेंटिमीटर उंचीवर सुतळी ताणली. सुतळी बरोबर माझ्या नाकासमोर आली. चौकोनाच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसलो आणि समोर पाहिलं. कोनाड्याची जागा हाताच्या अंतरावर वाटत होती, सुतळीखालची पोकळी एखाद्या फडताळाएवढी.

हे आकडे ताई-आनचे. जपानमध्ये आज उभ्या असलेल्या चहाखोल्यांपैकी, म्हणजे चहासमारंभासाठी बांधलेल्या खोल्यांपैकी, ही सगळ्यात जुनी. सेन नो रिक्यू (1522–1591) या चहागुरूनं बांधली असं विश्वासानं म्हणता येईल अशी एवढी एकच खोली शिल्लक आहे. क्योतो आणि ओसाका यांच्या दरम्यान, यामाझाकी स्टेशनाच्या अगदी समोर म्योकी-आन नावाचं झेन पंथाचं छोटं मंदिर आहे, त्याच्या दिवाणखान्याला दक्षिणेकडून चिकटून ही खोली उभी आहे. 1951 मध्ये तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. या खोलीवर लिहिणारे बहुतेक जण तिच्या बुटक्या दारापाशी थांबतात, पाहुण्याला वाकायला लावणाऱ्या त्या दारातून नम्रतेचा धडा काढतात आणि पुढे जातात. मला बोलायचं आहे ते त्या दारातून आत डोकावल्यावर समोर दिसणाऱ्या कोनाड्याबद्दल. दोन चटयांच्या खोलीत (जपानी खोली चटयांत मोजतात) कोनाडा बसवायचा, तोही मानाचा, ही अडचण इथे कशी सुटली, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

कोनाडा म्हणजे नेमकं काय

मराठीत ‘कोनाडा’ म्हटलं की पणती ठेवायची देवळी किंवा डबे ठेवायचं भिंतीतलं भोक डोळ्यांपुढे येतं. जपानी ‘तोकोनोमा’ (चहावाले नुसतं ‘तोको’ म्हणतात) हा खोलीचा अख्खा एक भाग असतो. जमिनीपासून किंचित उंच, तीन बाजूंनी बंद, समोरून उघडा. मागच्या भिंतीवर लिखाणाची किंवा चित्राची गुंडाळपट्टी टांगतात, कधी फुलं ठेवतात. तिथे माणूस बसत नाही. तरीही खोलीतली सगळ्यात मानाची जागा तीच, आणि मुख्य पाहुण्याची बैठक तोकोच्या जवळ कुठे आहे यावरून ठरते.

पाहुणा आत आला की यजमानाला भेटण्याआधी तो तोकोपुढे जातो. हातातला मिटलेला पंखा समोर आडवा ठेवतो, दोन्ही हात टेकून वाकतो, मग मान वर करून पट्टी वाचतो, पुन्हा वाकतो. हा नमस्कार कागदाला नसतो. पट्टीवरची अक्षरं बहुतेकदा कुणा झेन भिक्षूची असतात, तो माणूस कित्येक शतकांपूर्वी वारलेला असतो, आणि त्या दिवशीच्या बैठकीत तो हजर आहे असं मानून हा नमस्कार केला जातो. रिक्यूची शिकवण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘नाम्पोरोकू’ या ग्रंथात टांगलेल्या पट्टीइतकी महत्त्वाची वस्तू चहाच्या सामानात दुसरी नाही असं म्हटलं आहे. (हा ग्रंथ उजेडात आला रिक्यूच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी. त्यामुळे त्यातला शब्द न शब्द रिक्यूचा मानता येत नाही. पण चहाच्या परंपरेनं तो मनापासून स्वीकारला आहे.) पूर्ण लांबीच्या चहासमारंभात पहिल्या भागात पट्टी असते. मधल्या सुटीत पाहुणे बागेत जातात, तेवढ्यात यजमान ती गुंडाळून ठेवतो आणि तिच्या जागी फुलं मांडतो. पाहुणे परत येतात तेव्हा खोली तीच असते, पण तोकोतलं माणूस बदललेलं असतं.

म्हणून चहाखोलीत तोको लहान करणं हे घरातलं कपाट लहान करण्यासारखं नाही. पाहुण्यांमधल्या सगळ्यात थोर माणसाची बैठक आपण आखडती घेत असतो.

अडचण

रिक्यूच्या आधीच्या पिढ्यांत चहाची खोली साडेचार चटयांची असायची. ‘नाम्पोरोकू’तच मुराता जुको या जुन्या चहागुरूच्या खोलीचं वर्णन आहे: भिंतींवर पांढरा कागद चिकटवलेला, आणि तोको पूर्ण एक ‘केन’ रुंद, म्हणजे सहा शाकुंच्या आसपास. एक शाकु म्हणजे 30.3 सेंटिमीटर, आपल्या फुटाच्या अगदी जवळ. त्यामुळे पुढची मापं मराठी वाचकानं सरळ फुटांत वाचली तरी चालेल. जुकोनंतरच्या ताकेनो जोओनं कागद काढून मातीच्या भिंती ठेवल्या आणि तोकोच्या कडेच्या लाकडावरचं जाड काळं रोगण जाऊन पातळ रोगण किंवा कोरं लाकूड आलं. तोको रुंदच राहिला, कारण खोली अजून तेवढी मोठी होती.

ताई-आनमध्ये चटया दोन. क्योतोकडची एक चटई साधारण 191 बाय 95 सेंटिमीटरची, म्हणजे दोन मिळून जवळजवळ 39 चौरस फूट. त्यातच चूल, त्यातच यजमान, त्यातच पाहुणे. पश्चिमेला सरकत्या दारापलीकडे एका चटईची जोडखोली आणि तिच्या उत्तरेला एका चटईची तयारीची जागा आहे, सगळं धरूनही हिशेब साडेचार चटयांच्या आतबाहेरच जातो. जुन्या लोकांना एका खोलीला लागायची तेवढ्या जागेत इथे अख्खं बिऱ्हाड बसवलं आहे.

अशा खोलीत सहा शाकुंचा तोको ठेवला तर समोरची भिंत उरतच नाही. तोको गाळून टाकावा तर पाहुण्यानं नमस्कार कुणाला करायचा? आणि प्रमाणात लहान करावा तर तिसरीच पंचाईत होते. मला ती त्या चिकटपट्टीच्या चौकोनात बसल्यावर कळली. पाहणारा इतका जवळ असतो की लहान पेटीच्या सगळ्या कडा एका नजरेत मोजल्या जातात. नेहमीच्या तोकोत मागच्या दोन कोपऱ्यांत खांब दिसतात, वर छत आणि भिंत जिथे भेटतात तिथे लाकडी पट्ट्या दिसतात. मोठ्या तोकोत या रेघा त्याला चौकट देतात. चार शाकुंच्या पेटीत त्याच रेघा ओरडून सांगतात की ही पेटी एवढीशीच आहे.

त्यात छताची भर. खोलीवर लाकडी चिपांचं दुपाखी छप्पर आहे, आणि त्याच्या उतारानं तोकोची उंची खाल्ली. आतली उंची जेमतेम 5.2 शाकु, म्हणजे माझी ती सुतळी. नेहमीच्या लांबीची पट्टी तिथे टांगताच येत नाही.

या बुटकेपणाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. रिक्यूनं तो मुद्दाम साधला, त्यात काही गूढ शिकवण आहे, असं लिहिण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. वास्तूचा बारकाईनं अभ्यास करणारे मात्र सांगतात की हे छपराच्या उताराचं बंधन दिसतं. मला दुसरं म्हणणं पटतं. त्यानं रिक्यू लहान होत नाही. सुताराकडून, छपराकडून, जागेकडून जे बंधन आलं ते त्यानं मुकाट्यानं घेतलं, आणि त्यानंतर जे केलं त्यात त्याचं कसब दिसतं.

काय केलं

त्यानं कोनाडा आतून मातीनं लिंपून काढला. पूर्ण. मागचे दोन कोपरे, बाजूच्या भिंती आणि वरचं छतसुद्धा. कोपऱ्यातले खांब मातीखाली गेले, छताच्या कडेच्या पट्ट्या गेल्या, आणि भिंत जिथे भिंतीला भेटते तिथे धारदार कोपरा न ठेवता माती गोलसर वळवून घेतली. या प्रकाराला जपानीत ‘मुरोदोको’ म्हणतात. ‘मुरो’ म्हणजे धान्य किंवा वस्तू साठवायची बंद, गुहेसारखी जागा.

फोटो स्टुडिओत गेलेल्यांना यातलं गमक लगेच कळेल. तिथे मागचा पांढरा पडदा भिंतीवरून खाली आणून जमिनीवर वळवून सोडतात, मध्ये घडी पडू देत नाहीत. फोटोत भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली ते दिसत नाही, माणूस मोकळ्या अवकाशात उभा असल्यासारखा वाटतो. डोळा खोली मोजतो ती कडांवरून आणि कोपऱ्यातल्या सावलीच्या रेघेवरून. रेघ काढून घेतली की त्याच्या हातातली मोजपट्टीच जाते.

मी हे घरी दोन खोक्यांवर करून पाहिलं. एक बुटांचं खोकं जसंच्या तसं उभं ठेवलं, आतून मळकट तपकिरी कागद लावून, कोपरे नीट दाबून. दुसऱ्यात तोच कागद कोपऱ्यांत गोल वळवला, कुठेही घडी न पाडता. दोन्ही खोकी खिडकीपासून दूर, उजेड एका बाजूनं येईल अशी ठेवली. पहिल्या खोक्याची खोली मी लगेच सांगू शकलो. दुसऱ्यात सावली एका ठिकाणी न थांबता हळूहळू गडद होत गेली आणि मागची बाजू नेमकी कुठे आहे ते पटकन सांगता येईना. खोकं मोठं झालं असं नाही म्हणणार मी. त्याचं लहानपण दिसेनासं झालं, एवढं खरं.

ताई-आनमध्येही उजेड असाच एका बाजूनं, गाळून येतो. पूर्वेच्या भिंतीत दोन खिडक्या आहेत आणि दक्षिणेला गजांची एक. पूर्वेच्या खिडक्या म्हणजे वेगळं बसवलेलं काहीच नाही. कोकणात ज्यांनी कुडाचं घर पाहिलं आहे त्यांना समजावून सांगायला नको: कामट्या विणून कुड उभा करायचा, दोन्ही बाजूंनी माती थापायची. थापताना एक तुकडा तसाच सोडला की तिथे कामट्यांची जाळी उघडी राहते, झाली खिडकी. चौकट नको, सुतार नको. त्यामुळे ती हवी तिथे, हवी तेवढी ठेवता येते. चहाखोलीतल्या उजेडावर रिक्यूचा एवढा ताबा होता त्याचं एक कारण हे गावठी तंत्र आहे.

भिंतींची मातीही तशीच, शेवटचा गुळगुळीत हात न दिलेली. पेंढ्याचे तुकडे वर दिसतात, रंग काळपट झाला आहे. तेव्हाच्या शेतकऱ्यांच्या घरांत अशाच भिंती असायच्या. इथेही नुसता साधेपणाचा सोस नव्हता. खोलीचे खांब बारीक आहेत. बारीक खांबांमध्ये बसणारी भिंत पातळच असणार, आणि पातळ भिंतीवर थरावर थर चढवता येत नाहीत. पहिल्या थरावर थांबणं ही बांधकामाची गरज होती. कुठे गरज संपते आणि कुठे आवड सुरू होते हे या खोलीत वेगळं काढताच येत नाही, आणि तीच गोष्ट मला तिच्याकडे पुन्हा पुन्हा ओढून नेते.

समोरची तीन लाकडं

आतल्या सगळ्या रेघा पुसल्या, पण समोरच्या ठेवल्या. माझ्या मते अर्ध्याहून जास्त काम या निवडीनं केलं आहे. तोकोच्या तोंडाशी एका बाजूला खांब, वर आडवं लाकूड आणि खाली उंबऱ्यासारखी कड. ही तिन्ही नसती तर लिंपलेली पोकळी खरोखरच मातीतली गुहा वाटली असती. ती आहेत म्हणून पाहुण्याला आपण कुणाच्या तरी दारात बसलो आहोत असं वाटतं.

खांब आहे क्योतोच्या उत्तरेकडच्या कितायामा डोंगरातल्या देवदारासारख्या ‘सुगी’ झाडाचा, साल काढलेला गोल सोट. चौकोनी तासलेला नाही. मोठ्या घरांत तोकोचा खांब म्हणजे मालकाच्या श्रीमंतीची निशाणी, इथे तो झाड म्हणूनच उभा राहिला आहे.

खालची कड पाहताना तर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, अर्थात फोटोंमध्ये. ती ‘किरी’ नावाच्या झाडाच्या लाकडाची आहे. किरी हलकं, मऊ लाकूड. जपानी लोक त्याच्या कपड्यांच्या पेट्या करतात. मानाच्या तोकोला ही कड काळ्याभोर, आरशासारख्या रोगणाची असते. इथे ती कोरी आहे आणि तिच्यावर तीन गाठी आहेत. सुतार लाकूड निवडताना गाठी टाळतो, टाळता आल्या नाहीत तर त्या मागच्या बाजूला जातील असं पाहतो. इथे पाहुणा वाकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पहिलं काय येतं, तर त्या गाठी. मागच्या पोकळीत नजर ठरायला काही नाही, आणि पुढच्या कडेवर मात्र तीन ठिकाणी ठरते. ही जागा कुणी तरी हातानं निवडलेल्या लाकडाची आहे, हे कळायला तेवढं पुरतं.

रुंदीचा आकडाही इथेच सांगतो. तोको चार शाकुंचा, खांबांच्या आतून 3.8 शाकु, म्हणजे 115 सेंटिमीटर. दारात बसलेल्या पाहुण्याला समोरच्या भिंतीचा जवळपास दोन-तृतीयांश भाग तोकोनं व्यापलेला दिसतो. एवढ्या लहान खोलीत एवढा मोठा हिस्सा त्याला दिला आहे हे विसरून त्याला ‘छोटा कोनाडा’ म्हणणं अन्यायाचं होईल. खोलीच्या मानानं तो जुकोच्या तोकोहून फारसा धाकटा नाही.

बाकीची खोली त्याला कशी साथ देते

दोन चटयांवरचं छत तीन तुकड्यांत आहे. तोकोपुढचा तुकडा सपाट. यजमान जिथे चहा करतो तिथलाही सपाट, पण त्याच्या पट्ट्या पहिल्याला काटकोनात. आणि दाराकडचा तुकडा तिरपा, छपराची आतली बाजू उघडी ठेवलेला, पूर्वेकडून पश्चिमेकडे चढत जाणारा. वासे आणि पट्ट्या बांबूच्या. पाहुणा गुडघ्यांवर सरकत आत येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर हा चढता भाग असतो, म्हणून गुदमरायला होत नाही. पुढे सरकून तोकोसमोर आला की डोक्यावर सपाट छत येतं. जपानी घरबांधणीत सपाट छत मानाचं. म्हणजे तोकोचा मान आता तोकोच्या बाहेर, पाहुण्याच्या डोक्यावर सांगितला जातो. आत उंची मिळाली नाही त्याची भरपाई अशी बाहेर केली आहे.

समोरच्या डाव्या कोपऱ्यात चूल आहे, जमिनीत बसवलेली चौकोनी. तिच्या कोपऱ्यातला खांबही मातीनं लिंपून लपवला आहे. म्हणजे दारातून पाहिलं तर उजवीकडे तोकोचे कोपरे नाहीत आणि डावीकडे खोलीचा कोपराही नाही. समोरची अख्खी बाजू कुठे संपते ते कळू नये असा हा बंदोबस्त आहे.

ती वेळ कोणती होती

मंदिराची परंपरा अशी: 1582 मध्ये यामाझाकीची लढाई झाली. ओदा नोबुनागा या बलाढ्य सत्ताधीशाचा घात करणाऱ्या आकेची मित्सुहिदेला नोबुनागाचा सेनापती हिदेयोशी यानं इथेच हरवलं. त्या वेळी हिदेयोशीच्या छावणीसाठी रिक्यूनं ही खोली उभी केली, नंतर ती सोडवून मंदिरात आणून पुन्हा जोडली. 1606 मध्ये काढलेल्या एका नकाशात आजच्या मंदिराच्या जागेजवळ ‘काकोई’, म्हणजे आडोसा करून केलेली चहाची जागा, असा शब्द लिहिलेला आहे. म्हणजे तोवर ती इथे आली असावी. त्याच नकाशात थोडं पश्चिमेला रिक्यूचं नावही आहे, म्हणून खोली छावणीतली नसून रिक्यूच्या तिथल्या घरातली असावी असंही अभ्यासक म्हणतात. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी खोली एकदा सुटी होऊन पुन्हा जोडली गेली हे दोन्हींत समान आहे.

याच हिदेयोशीनं 1586 मध्ये सम्राटासमोर तीन चटयांची सोन्यानं मढवलेली, सुटी करून नेता येणारी चहाखोली मांडली. रिक्यू त्याच्याच पदरी होता. एकाच धन्याच्या दारी तीन-चार वर्षांच्या अंतरानं माती आणि सोनं. काही जण यात दोघांमधला झगडा पाहतात, कारण 1591 मध्ये हिदेयोशीच्या हुकमावरून रिक्यूला पोट फाडून मरावं लागलं. मला त्या सोन्याच्या खोलीत आणखी एक गोष्ट दिसते. सोन्यानंही कडा विरघळतात, चकाकीत कोपरा हरवतो. रिक्यूनं तेच साधायला पेंढा मिसळलेली चिखलमाती घेतली.

पुढे या उत्तराचं काय झालं

तोकोच्या प्रश्नाला पुढच्या पिढ्यांनी फार वेगवेगळी उत्तरं दिली. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या परिसरातल्या ‘मित्तान’ या खोलीत चीनच्या सोंग राजवटीतल्या मित्तान या भिक्षूच्या अक्षरांची एकच पट्टी टांगता यावी म्हणून स्वतंत्र तोको केला आहे. खोलीचं नावही त्याच भिक्षूचं. तिथे पट्टी आधी आणि तोको नंतर. ताई-आनच्या बरोबर उलट: इथे तोकोनं पट्टीला सांगितलं की तू आखूड ये, किंवा आडवी ये, नाहीतर तुझी जागा फुलांना दे.

रिक्यूचा नातू सेन सोतान आजोबांच्याही पुढे गेला. 1648 मध्ये त्यानं बांधलेली ‘कोन्निची-आन’ ही खोली दोन चटयांहूनही लहान आहे. तिच्यात कोनाडाच नाही. मातीच्या भिंतीवर पट्टीसाठी जागा ठेवली आहे, आणि पट्टी टांगली की ती भिंत तोको होते. याला ‘काबेदोको’, भिंतीचा तोको म्हणतात. पाहुणा त्या भिंतीसमोरही तसाच वाकतो. आजोबांनी तोकोच्या आतल्या रेघा काढल्या, नातवानं बाहेरच्याही काढल्या. ताई-आन आधी झाली नसती तर त्या भिंतीला तोको म्हणायचं धाडस कुणाला झालं असतं असं मला वाटत नाही.

आजच्या काळात नव्या इमारतींमध्ये मुरोदोको करतात तेव्हा बऱ्याचदा गोची होते. काँक्रीटच्या सरळ पेटीत मातीच्या रंगाचा मुलामा लावतात, पेंढ्याचे तुकडे हातानं चिकटवतात, कोपरे साच्यातून काढल्यासारखे एकसारखे गोल करतात, आणि वर छतात दिवे बसवतात. वरून पडणारा उजेड गोल कोपऱ्याचा सगळा उपयोग घालवतो, कारण सावली हळूहळू गडद व्हायला उजेड बाजूनं आणि मंद यायला लागतो. मूळ खोलीत पेंढा दिसतो कारण भिंत पातळ आहे आणि एकाच थरावर थांबली आहे. कारण मागे ठेवून नुसती खूण उचलली की ती सजावट होते.

मूळ खोली पाहायची तर आधी परवानगी घ्यावी लागते, आत शिरता येत नाही, दारातूनच पाहावं लागतं आणि फोटो काढता येत नाहीत. मला हे नियम योग्य वाटतात. दारातून पाहणं म्हणजे पाहुण्याच्या पहिल्या नजरेनं पाहणं. आत बसून अनुभव घ्यायचा तर पूर्ण मापाच्या प्रतिकृती झाल्या आहेत. त्याच गावच्या, ओयामाझाकीच्या, इतिहास संग्रहालयात एक आहे. 2018 मध्ये तोक्योच्या मोरी कला संग्रहालयात जपानी वास्तुकलेवर प्रदर्शन भरलं तेव्हाही एक उभारली होती, तिच्यात लोकांना जाऊन बसता येत होतं.

एक कोपरा उरतो

कोपरे लिंपले ते खोली मोठी दिसावी म्हणून, हे स्पष्टीकरण मी वर मान्य केलं आणि त्यावर खोक्यांचा खेळही केला. पण या खोलीत असा आणखी एक कोपरा आहे. जोडखोलीच्या उत्तरेला तयारीची जागा आहे, तीन फळ्यांची मांडणी असलेली, एका चटईची. तिथे पाहुणा जात नाही आणि बसल्या जागेवरून ती त्याला दिसतही नाही. ती जागा आणि जोडखोली नेमकी कशासाठी वापरत, यावर गेली कित्येक शतकं चहावाले आणि अभ्यासक वेगवेगळं सांगत आले आहेत. त्या तयारीच्या जागेचाही एक कोपरा तसाच मातीनं गोल लिंपलेला आहे, आतला खांब झाकून. पाहुण्याच्या नजरेसाठी म्हणावं तर तिथे पाहुण्याची नजर पोचत नाही. तिथे असतो तो फक्त यजमान, भांडी पुसत, पाणी भरत, त्या कोपऱ्याकडे तोंड करून.